घट कुणाच्या माथी? : मुंबईच्या मोटारीची मालकी आणि भाडे

‘महिन्याला ठरावीक रक्कम भरा आणि नवी कोरी गाडी दारात उभी करा, विमा, देखभाल, रस्ता कर सगळे आमच्याकडे’ अशा जाहिराती मुंबई-पुण्याच्या वाचकाला आता नव्या नाहीत. त्यांना घराघरांतून मिळणारे उत्तरही ठरलेले असते : भाड्याचा पैसा पाण्यात जातो, हप्ते फेडले की गाडी निदान आपली होते. दोन्ही बाजू आपले म्हणणे त्रिकालाबाधित असल्याच्या थाटात मांडतात. मुंबईतल्या मोटारीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत आलेले दिसते. ते बदलण्याचे कारणही दर वेळी एकच होते. मोटार ही वापरली की झिजणारी आणि न वापरता उभी ठेवली तरी स्वस्त होत जाणारी वस्तू आहे. ही घट कुणीतरी सोसावीच लागते. ज्या काळात ती मालकाला सोसावी लागली नाही, त्या काळात मालकी फायद्याची ठरली. ज्या काळात ती दुसऱ्यावर ढकलता आली, त्या काळात भाडेपट्टा फळफळला. म्हणून स्वस्त वाटणाऱ्या कोणत्याही योजनेला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की यात गाडीची घट कुणाच्या माथी पडते.

मोटार मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आली, तेव्हा शहराला भाड्याच्या वाहनाची चांगली सवय होती. सामान्य माणूस ट्रामने जात असे; ती १८७४ पासून घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या बळावर धावत होती. घाई असेल किंवा बायकामुले बरोबर असतील तर व्हिक्टोरिया ही घोडागाडी केली जाई. १९११ मध्ये मोटारटॅक्सी आली तीही याच सवयीवर बेतलेली होती : वाहन दुसऱ्याचे, आपण फक्त फेरीचे पैसे द्यायचे. स्वतःची मोटार बाळगणारे म्हणजे संस्थानिक, गिरणीमालक, बडे व्यापारी, नावाजलेले बॅरिस्टर आणि डॉक्टर. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढल्यावर परदेशातून सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या गाड्या इथेच उभ्या राहू लागल्या, पण मोटारी बाळगणारा वर्ग तेवढाच राहिला. त्यात खरेदीच्या किमतीएवढाच घटीचाही भाग होता. अमेरिकी कंपन्या त्या काळी वर्षागणिक नवे मॉडेल आणत आणि कालची गाडी आज जुनी दिसू लागे. ही घट पचवण्याची ऐपत असलेल्यालाच मालकी परवडत होती. बाकीच्यांनी ट्राम आणि व्हिक्टोरियावर भागवले, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

हे चित्र स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत पालटले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तेथे क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि फार्गो ही नावे धारण करणारी वाहने जोडली जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० मुंबईच्या रस्त्यावर दिसू लागली. दरम्यान १९५१ च्या कायद्याने उद्योगांना परवाना सक्तीचा झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, जे कारखाने फक्त जुळणी करतात आणि देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही गेले. मोटारी बनवणाऱ्या तीन मुख्य कंपन्या उरल्या : मुंबईची प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजारांच्याही आत मोटारी तयार होत होत्या.

मागणी वाढत गेली आणि पुरवठा बांधलेला राहिला, की रांग लागतेच. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा सरकारी आदेश निघाला. गाडीसाठी नाव नोंदवणाऱ्याने पोस्टाच्या बचत खात्यात अनामत ठेवायची आणि ते पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण करून द्यायचे, अशी पद्धत होती. मग क्रमांक लागेपर्यंत वर्षे मोजायची. काही गाड्या सरकारी कामासाठी आणि विशेष कोट्यासाठी राखून ठेवलेल्या असत. १९६९ मध्ये सरकारने किमतीही कायद्याने बांधल्या. प्रीमियर आणि अन्य उत्पादक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, किंमत कशी काढावी यावर १९७१ मध्ये निकाल झाला आणि १९७५ मध्ये हे बंधन उठले. या सगळ्याचा ग्राहकाच्या हिशेबावर झालेला परिणाम विलक्षण होता. नियंत्रित भावात मिळालेली नवी फियाट शोरूमबाहेर पडताच दिलेल्या पैशांपेक्षा अधिक मोलाची होत असे, कारण रांगेत थांबायची तयारी नसलेले गिऱ्हाईक वरचे पैसे मोजायला उभे असे. दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीलाही मूळ किमतीहून जास्त भाव येई. ज्या वस्तूची घट होत नाही ती भाड्याने घेण्यात शहाणपण नसते आणि ती भाड्याने देणाऱ्यालाही ती देण्यापेक्षा विकण्यात जास्त सुटते. मोटारीचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा त्या काळात मूळ धरू शकला नाही, याचे हे साधे कारण आहे.

आपल्या मनातील मालकीची ओढ बरीचशी रांगेच्या याच तीन दशकांत घडली. क्रमांक लागून आलेली गाडी घरातल्या मोठ्या गुंतवणुकीसारखी जपली जाई. दसऱ्याला तिला झेंडूचा हार चढे, रात्री आच्छादन पडे, आणि ती मुलाच्या लग्नापर्यंत टिकवायची हे गृहीत असे. टिकवणे शक्यही होते. १९६० च्या दशकातल्या फियाट डिलाइटची काया पुढे प्रेसिडेंट आणि पद्मिनी या नावांनी २००० च्या सुमारापर्यंत जवळपास तशीच राहिली, त्यामुळे एका गाडीचा दरवाजा किंवा बंपर दुसरीला सहज बसे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात जुन्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला, आणि इंजिन खाली उतरवून बोअर करून देणारे मिस्त्री उपनगरांतून मिळू लागले. मॉडेल जुने होत नव्हते, भाग संपत नव्हते, दुरुस्ती स्वस्त होती. म्हणजे टंचाईने घट रोखलीच होती आणि या दुरुस्तीच्या व्यवसायाने ती आणखी लांबवली. त्या परिस्थितीत मालकीचा आग्रह धरणारी पिढी चुकली असे कुणी म्हणू शकणार नाही. तिचा हिशेब तिच्या काळाला चोख होता.

त्याच काळात मुंबईतले हजारो लोक रोज गाडी भाड्याने घेत होते, आणि त्यांचा अनुभव भाडेपट्ट्याच्या समर्थकांनी लक्ष देऊन पाहावा असा आहे. काळीपिवळी टॅक्सी चालवणारा प्रत्येक जण तिचा मालक नव्हता. अनेक चालक मालकाकडून गाडी पाळीने घेत. दिवसपाळी एकाची, रात्रपाळी दुसऱ्याची. पाळी संपली की ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, पेट्रोल आपले घालायचे, धंदा झाला वा न झाला तरी त्या रकमेत फरक नाही. मोठी दुरुस्ती आणि गाडीची झीज मालकाकडे असे, म्हणजे घट चालकाच्या माथी नव्हती. तरीही वर्षानुवर्षे पाळी भरलेल्या चालकाच्या हाती शेवटी काही उरत नसे, कारण तो भाडे गाडीचे देत होता तितकेच परमिटचेही देत होता. नव्वदच्या दशकात शहरात सुमारे ६३,००० टॅक्सी होत्या आणि नवी परमिटे मिळणे थांबल्यावर जुन्या परमिटाचे मोल वाढत गेले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर छोट्या वाहतूकदारांना अग्रक्रमाने कर्ज मिळू लागले. त्यातून जे चालक स्वतःच्या गाडीचे मालक झाले त्यांची स्थिती पाळीवाल्यांपेक्षा निश्चित बरी राहिली. भाडे देणारा फक्त घटीचेच पैसे मोजतो असे समजू नये, हा धडा इथे मिळतो. जिथे टंचाई असते तिथे टंचाईचा लाभही मालक त्याच भाड्यात वसूल करतो.

मालकी आणि भाडे यांच्या मधली वाट हायर पर्चेसची. १९५४ मध्ये निघालेल्या मद्रासच्या सुंदरम फायनान्ससारख्या कंपन्यांनी ती मालमोटारींच्या धंद्यात रुळवली आणि ती देशभर पसरली. कागदोपत्री गाडी वित्तसंस्थेची, ताबा चालवणाऱ्याचा. शेवटचा हप्ता भरेपर्यंत तो भाडेकरू, नंतर मालक. हप्ता थकला की गाडी उचलून न्यायची हा धोका त्यात कायम होता. या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी संसदेने १९७२ मध्ये हायर पर्चेस कायदा केला. गाडीची रोख किंमत किती आणि हप्त्यांनी पडणारी एकूण किंमत किती, हे दोन्ही आकडे करारात लिहिणे त्या कायद्याने बंधनकारक ठरले असते. पण हा कायदा कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. दुसऱ्या बाजूने, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हायर पर्चेस, भाडेपट्टा किंवा तारण अशा करारावर गाडी ज्याच्या ताब्यात असेल त्यालाच त्या कायद्यापुरता मालक मानले. आरसी बुकावर वित्तसंस्थेचे नाव चढते आणि तिची ना-हरकत (एनओसी) आल्याखेरीज ती नोंद (एचपी) उतरत नाही. पण मालक म्हणून जी उत्तरे द्यायची ती ताबेदाराने द्यायची. म्हणजे हक्क एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे ही वाटणी आपल्या कायद्यात पक्की झाली, मात्र व्यवहाराची खरी किंमत ग्राहकासमोर उघड करणारी तरतूद मागे पडली.

निव्वळ भाडेपट्ट्याचा धंदा भारतात १९७३ मध्ये मद्रासला फर्स्ट लीजिंग कंपनीने सुरू केला आणि ऐंशीच्या दशकात मुंबईसह सगळीकडे लीजिंग कंपन्यांचे पेव फुटले. यंत्रसामग्रीपासून अधिकाऱ्यांच्या मोटारींपर्यंत सर्व काही लीजवर मिळू लागले. या स्वस्ताईचे उगमस्थान आयकराच्या कायद्यात होते. वस्तूचा मालक म्हणून घसाऱ्याची वजावट लीजिंग कंपनीला मिळे, आणि भाडे हा धंद्याचा खर्च म्हणून घेणाऱ्या कंपनीच्या नफ्यातून वजा होई. दोघांच्या करात झालेली बचत वाटून घेतली की भाडे कमी दिसे. घटीचा एक हिस्सा खरे तर सरकारी तिजोरी सोसत होती. करनियम आवळले गेले, व्याजदर चढले, लोकांच्या ठेवींवर चालणाऱ्या वित्तकंपन्यांवर १९९७ मधल्या सीआरबी या वित्तकंपनीच्या घोटाळ्यानंतर रिझर्व्ह बँकेचे कडक नियम आले आणि यातल्या कित्येक कंपन्या नाहीशा झाल्या. पगारदारांसाठीची करसवलत मात्र टिकली. नोकरी देणाऱ्या कंपनीने लीजवर घेऊन दिलेल्या, काही कामासाठी आणि काही खासगी वापरासाठी असलेल्या मोटारीचे मोल आयकर नियमांनी वर्षानुवर्षे महिना १,८०० किंवा २,४०० रुपये इतकेच धरले. वरच्या कर टप्प्यातल्या अधिकाऱ्याला लीज किफायतशीर वाटते त्यामागे हा नियम आहे. तो ज्याला लागू नाही, त्याने त्या अधिकाऱ्याच्या अनुभवावर आपला निर्णय बेतू नये.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा दहा हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, आणि काही काळ तिच्यावरही वरचे पैसे चालले. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरची परवान्याची सक्ती उठल्यावर मात्र कारखाने वाढले, मॉडेले दर काही वर्षांनी बदलू लागली, बँका घरी येऊन कर्ज देऊ लागल्या. रांग संपली आणि तिच्याबरोबर मालकाला मिळालेले अभयही संपले. आता गाडी विकत घेणारा पहिल्या दिवसापासून घट सोसतो. भाड्याच्या बाजूला वाट अरुंदच राहिली. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेने परवान्यासाठी किमान ५० मोटारींची अट घातली. दुचाकींसाठी १९९७ च्या योजनेत ती पाचावर होती, आणि गोव्यात काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांच्या स्कूटर सर्वत्र दिसतात त्याला ही सैल अट पोषक ठरली. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदलेल्या मोटारीला व्यक्तीच्या मोटारीपेक्षा बऱ्याच चढ्या दराने एकरकमी कर पडतो, आणि गाडी आपल्या नावावर ठेवून भाड्याने देणाऱ्या कंपनीला तो भाड्यात धरावाच लागतो.

आजच्या घटीचा अंदाज घ्यायला विम्याचे कोष्टक उपयोगी पडते. मोटारीची विम्यासाठीची किंमत ठरवताना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. बाजारभाव यापेक्षा थोडा इकडेतिकडे असतो, पण दिशा हीच. समजा दहा लाखांची गाडी तीन वर्षांसाठी लीजवर दिली आणि शेवटी ती साडेसहा लाखांना विकली जाईल असे कंपनीने धरले. घट झाली साडेतीन लाखांची. या काळात कंपनीचे सरासरी सव्वाआठ लाख अडकून राहिले. दहा टक्क्यांनी त्याचे तीन वर्षांचे व्याज सुमारे अडीच लाख. दोन्ही मिळून सहा लाख, म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांहून जास्त. विमा, देखभाल, जीएसटी आणि कंपनीचा नफा अजून यायचाच आहे. तेव्हा अशी गाडी कुणी बारा हजारांत देऊ करत असेल तर उरलेली रक्कम कुठेतरी दडलेली असते : सुरुवातीच्या अनामतीत, किलोमीटरच्या मर्यादेत, गाडी परत घेताना प्रत्येक ओरखड्यामागे कापल्या जाणाऱ्या पैशांत, मुदतीआधी करार मोडल्यास लागणाऱ्या दंडात, किंवा शेवटच्या किमतीच्या फाजील आशेत. शेवटचे खरे असेल तर त्याचा तोटा कंपनीचा, पण तशा कंपन्या फार काळ टिकत नाहीत हे नव्वदच्या दशकाने दाखवले आहे.

यावर मालकीवादी म्हणतील, की हिशेब काहीही असो, भाड्याचा पैसा परत येत नाही. तो येत नाही हे खरेच. पण मालकाची साडेतीन लाखांची घट आणि बँकेला दिलेले व्याज तरी कुठे परत येते? हाती उरते ती फक्त गाडीची त्या दिवशीची किंमत, आणि तिच्यासाठी त्याने आधीच पैसे मोजलेले असतात. तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याच्या बाबतीत मालकी आणि प्रामाणिक भाडेपट्टा यांत फारसे अंतर राहत नाही. उलट बाजूचे लोक विचारतील, की घसरत जाणारी वस्तू मुळात विकत घ्यावीच कशाला? त्याचे उत्तर घटीच्या वेगात आहे. रुपयांत मोजली तर सगळ्यात मोठी घट पहिल्या काही वर्षांत होते. नंतर ती मंदावते आणि गाडी मात्र चालत राहते. दर तीन वर्षांनी नवी गाडी लीजवर घेणारा माणूस कायम त्या सर्वांत महागड्या उतारावरच उभा राहतो. दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरणारा तो उतार एकदाच उतरतो. कर्ज फिटल्यानंतरच्या त्या पाच-सात वर्षांतच मालकीचा खरा लाभ आहे. फियाट जपणाऱ्या पिढीचे हे अर्धे शहाणपण आजही जसेच्या तसे लागू आहे. तिच्या विक्रीच्या नफ्याचा काळ तेवढा गेला.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे तंत्र झपाट्याने बदलते आहे आणि आठ वर्षांनी बॅटरीची अवस्था काय असेल, जुन्या विजेरी गाडीला काय भाव येईल, याचा भरवशाचा अनुभव अजून साठलेला नाही. १९२० च्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांसारखी कालची गाडी आज जुनी होण्याची ही स्थिती आहे. अशा वेळी ती जोखीम कंपनीवर टाकण्यासाठी काही जास्त पैसे देणे समजण्यासारखे आहे. २०२४ मध्ये एमजीने विंडसर ही मोटार बॅटरीविना किंमत लावून आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे आकारून बाजारात आणली, ती ग्राहकाच्या याच धास्तीला उत्तर म्हणून. बदलीच्या नोकरीत दोन-तीन वर्षांपुरती गाडी हवी असणाऱ्यांची आणि करसवलत खरोखर लागू असणाऱ्या पगारदारांची गोष्टही तशीच. बाकी ज्यांचा ठावठिकाणा पक्का आहे आणि गाडी दीर्घकाळ वापरायची तयारी आहे, त्यांनी बेताची गाडी घेऊन ती टिकवणेच शहाणपणाचे.

हा निवाडा ज्याचा त्याने करायचा असेल तर त्याच्या हाती आकडे हवेत, आणि ते आज सहसा नसतात. कंपनीने गाडीची शेवटची किंमत किती धरली, व्याज किती लावले, घट किती पकडली, हे लीजच्या जाहिरातीत नसते. १९७२ च्या कायद्याने हप्त्याच्या व्यवहारात मागितलेला उघडेपणा अमलात आला असता तर ग्राहकाला दोन किमती शेजारी ठेवून बघण्याची सवय लागली असती. भाडेपट्ट्याच्या करारातही गाडीची रोख किंमत, मुदतअखेरची गृहीत किंमत आणि एकूण भरावयाची रक्कम पहिल्याच पानावर लिहिणे कायद्याने सक्तीचे व्हावे. मोटारीच्या घटीचा भार सरकारी धोरण, करनियम आणि परवाने यांनी आजवर अनेकदा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर नेला, आणि बहुतेक वेळा ज्याच्यावर तो पडला त्याला त्याचा आकडा ठाऊक नव्हता. तो आकडा करारात छापला गेला, की मालकी बरी की भाडे याचा निर्णय प्रत्येक घर आपापल्या गरजेनुसार नीट करू शकेल.